पोवळ्यांनी सांगितलेले नान मादोलचे वय

पश्चिम प्रशांत महासागरातील पोनपेई हे मायक्रोनेशिया संघराज्यातले ज्वालामुखीजन्य बेट आहे. त्याच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या उथळ प्रवाळमंचावर सौदेलेर घराण्याने सुमारे शंभर कृत्रिम बेटे रचून आपली राजधानी वसवली. या बेटांमधल्या कालव्यांत भरती-ओहोटीचे पाणी खेळते आणि तेथील ये-जा होड्यांनीच होत असे. हेच नान मादोल.

भिंतींसाठी वापरलेले दगड मुळातच लांब आणि बहुकोनी आहेत. लाव्हारस थंड होताना आकुंचन पावतो, त्याला तडे जातात आणि बेसाल्टचे पंचकोनी-षट्कोनी स्तंभ तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांच्या ते चटकन लक्षात येईल. पोनपेईच्या लोकांनी हे स्तंभ आडवे ठेवून, एक थर भिंतीच्या लांबीला समांतर, तर दुसरा तिला काटकोनात अशा रीतीने चुन्याशिवाय रचले आणि आतील पोकळीत पोवळ्यांचा भराव घातला. नान्दोवास या राजघराण्याच्या दफनस्थळाच्या भिंती सात मीटरहून उंच आहेत. हे सारे धातूची अवजारे, चाक किंवा ओझ्याची जनावरे नसताना घडले. काही टन वजनाचे दगड बहुधा तराफ्यांवरून आणले असावेत; लोककथा मात्र ते मंत्रबळाने उडत आल्याचे सांगते. या जागेविषयी रंगवल्या जाणाऱ्या बुडालेल्या खंडाच्या किंवा परग्रहवासीयांच्या कथांपेक्षा मला ती अधिक प्रामाणिक वाटते, कारण निदान ती श्रेय बेटावरच्या परंपरेतील माणसांना देते.

या बांधकामाचा काळ ठरवता आला तो भरावातील पोवळ्यांमुळे. जिवंत पोवळे समुद्राच्या पाण्यातून युरेनियम शोषून घेते, पण थोरियम जवळजवळ घेतच नाही. पुढे युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून थोरियम साठत जाते आणि त्या दोहोंच्या प्रमाणावरून पोवळ्याचे वय काढता येते. पुरातत्त्वज्ञ मार्क मॅकॉय आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नान्दोवासचे बांधकाम इ.स. 1180 ते 1200 च्या सुमारास सुरू झाले होते. दगडांच्या रासायनिक विश्लेषणातून त्यांतले काही बेटाच्या विरुद्ध बाजूने आणल्याचेही दिसले.

या राजधानीत गोडे पाणी नव्हते आणि शेतीही नव्हती, त्यामुळे अन्नपाणी मुख्य बेटावरून येई. 2016 मध्येच युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्याच वेळी धोक्यातील स्थळांतही नोंदवले, कारण कालवे गाळाने भरत आहेत आणि त्यात फोफावणारी खारफुटी भिंतींना कमकुवत करत आहे.