टेबलावरच्या फोनला शिकवतं कोण?

जळगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या डाळमिलच्या ऑफिसात नवा आयपी फोन (कॉम्प्युटर नेटवर्कवरून बोलणारा फोन) आला, की त्याला वायर एकच लागते. बहुतेक वेळा वीजही त्याच वायरीतून, स्विचकडून, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डबीकडून येते. थोड्या वेळात पडद्यावर एक्स्टेन्शन नंबर उमटतो. कोणी काहीच टाइप केलेलं नसतं.

सुरू होताना फोनला स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक, तेवढा ठाऊक असतो. तो नेटवर्कभर हाक देतो, डीएचसीपी सर्व्हर (नेटवर्कवर पत्ते वाटणारा) आयपी पत्ता देऊ करतो, फोन तो मागतो, सर्व्हर पक्का करतो. चार निरोपांत काम होतं. डीएचसीपीचं आजचं प्रमाण १९९७ चं, पण निरोपाचा साचा १९८५ च्या बूटपी या जुन्या पद्धतीचा.

नुसत्या पत्त्यावर फोनचं भागत नाही. म्हणून उत्तराच्या शेपटीला 'ऑप्शन' जोडलेले असतात. पहिला बाइट ऑप्शनचा क्रमांक, दुसरा लांबी, पुढे मजकूर. ३ म्हणजे गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार), ६ म्हणजे डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर), ४२ म्हणजे घड्याळ लावून देणारा सर्व्हर. २ क्रमांकात जागतिक वेळेपासूनचा फरक सेकंदांत असतो. आपले साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद, आणि वायरीवरून जातात ते बाइट असे: २, ४, ०, ०, ७७, ८८. सत्त्याहत्तर गुणिले २५६, अधिक ८८, करून बघा. तिथे शून्य गेलं, तर रावेरहून केळीच्या व्यापाऱ्याने सकाळी साडेदहाला केलेला फोन पहाटे पाचचा दिसेल.

फोनसाठी खरा महत्त्वाचा ऑप्शन ६६. त्यात टीएफटीपी सर्व्हरचं, म्हणजे साध्या पद्धतीने फाइल देणाऱ्या सर्व्हरचं, नाव असतं. फोन तिथे जातो आणि बहुधा स्वतःच्या मॅक पत्त्याच्या नावाची फाइल उतरवून घेतो. एक्स्टेन्शन, पासवर्ड, बटणांची मांडणी, सगळं त्या फाइलमध्ये. सिस्कोच्या फोनांना १५० लागतो, त्यात एकाहून जास्त सर्व्हरचे पत्ते बसतात. सिप सर्व्हरसाठी (कॉल जोडून देणाऱ्या सर्व्हरसाठी) १२० हा क्रमांक २००२ मध्येच प्रमाणित झाला, तरी कंपन्यांनी आपापले आकडे धरलेच: पॉलिकॉमचा १६०, अवायाचा २४२. दोन कंपन्यांचे फोन एकाच ऑफिसात असले, की नेटवर्कवाल्याच्या डोक्याला ताप.

खरी गोम पुढे आहे. उत्तर देणारा कोण, हे फोन तपासत नाही. कोणी घरचा वायफाय राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट ऑफिसच्या स्विचला जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो, आणि त्याच्याकडे ना ६६ असतो ना १५०. गंमत म्हणजे चालू फोनांना लगेच काही होत नाही. पत्ता ठरावीक मुदतीपुरता मिळालेला असतो, आणि ती निम्मी सरली की ते आपल्या जुन्या सर्व्हरकडेच नूतनीकरण मागतात. मग एखाद्या दुपारी लाइट जाते, येते, सगळे फोन एकदम नव्याने हाक देतात आणि निम्मे मुके होतात. दोष मात्र महावितरणच्या माथी. स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग (अशा उत्तरांवर पहारा ठेवणारी सोय) सुरू केलं, तर ठरवून दिलेला पोर्ट सोडून इतर कुठून आलेली अशी उत्तरं तो टाकून देतो. ही सोय असलेल्या स्विचांतही ती सहसा बंदच असते, मुद्दाम चालू करावी लागते.