मिस्ट्रेस (जुनी स्कॉट्स उपाधी)

मिस्ट्रेस : स्कॉटलंडच्या सखल भागात बोलल्या व लिहिल्या जाणाऱ्या जुन्या स्कॉट्स भाषेत (सुमारे १७०० पर्यंत) प्रतिष्ठित स्त्रीच्या नावाआधी लागणारी आदरार्थी उपाधी. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. मेस्ट्रेस, मास्ट्रेस, मिस्ट्रेस अशी त्याची रूपे हस्तलिखितांत आढळतात. पुढे नुसते ‘एम.’ किंवा ‘मिसेस’चे आजचे लघुरूपही लिहीत.

ही उपाधी लग्न सांगत नसे, दर्जा सांगत असे. सरदाराची अविवाहित मुलगीही मिस्ट्रेसच. त्यामुळे तिथे ‘सौ.’ वाचणे चूक ठरते. पुरुषांच्या ‘मास्टर’शी तिची जोडी लावणेही फसवे आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील स्कॉटिश दप्तरांत ‘मास्टर’ बहुधा विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतलेल्या माणसाला लावत. पाद्री आणि वकील त्यात प्रामुख्याने येत. स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद होते, म्हणून त्यांची उपाधी घराण्यावरून आणि घरातील अधिकारावरून ठरे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कवयित्री एलिझाबेथ मेलव्हिल. १६०३ मध्ये एडिंबरा येथे तिचे दीर्घकाव्य छापले गेले. स्वतःची रचना छापून आलेली ती पहिली ज्ञात स्कॉटिश स्त्री. मुखपृष्ठावर नाव आहे ‘एम. एम., कल्रॉसमधील कुलीन स्त्री’. पहिला ‘एम.’ मिस्ट्रेसचा, दुसरा मेलव्हिलचा. तिचा नवरा जॉन कॉलव्हिल होता, तरी आडनाव माहेरचेच राहिले, कारण स्कॉटलंडमध्ये लग्नाने स्त्रीचे आडनाव बदलत नसे. नंतरच्या, इंग्रजी वळणाच्या आवृत्तीत तीच बाई ‘एलिझाबेथ मेलव्हिल, लेडी कल्रॉस, धाकटी’ झाली. इथला ‘धाकटी’ वयाचा नव्हे. नवरा जहागिरीचा वारस होता, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा ‘लेडी’ ही वेगळी पायरी. जमीनदाराच्या, म्हणजे लेअर्डच्या, बायकोला जमिनीच्या नावासह लेडी म्हणत. त्यासाठी नवरा उमराव असण्याची गरज नव्हती. ‘सर’ हा किताब मिळालेल्या नाइटच्या बायकोला दस्तऐवजांत ‘डेम’ लावत आणि त्यापुढे तिचे स्वतःचे नाव येई. शेतकऱ्याची किंवा नगरातील व्यापाऱ्याची बायको ‘गुडवाइफ’. स्कॉटिश कायदेपंडित सर जॉर्ज मॅकेन्झी यांनी १६८० मध्ये यामागचा जुना पुरुषी भेद नोंदवला आहे : थेट राजाकडून जमीन धारण करणारा तो लेअर्ड, दुसऱ्या एखाद्या सरदाराकडून धारण करणारा तो ‘गुडमॅन’, मग त्याची जमीन कितीही मोठी असो. बायकोची उपाधी बरेचदा याच रेषेवर बदले.

वयस्क स्त्रीला, विशेषतः दारूचा गुत्ता चालवणारीला, ‘लकी’ म्हणत. एडिंबऱ्याच्या कॅननगेट भागातील लकी वुड हिच्यावर अठराव्या शतकाच्या आरंभी कवी ॲलन रॅमझी यांनी विलापिका लिहिली. हा शब्द आपुलकीचा आणि आदराचाही होता. आजीलाही ‘लकी-मिनी’ म्हणत. एडिंबऱ्यातील ‘लकनबूथ’ दुकानांशी मात्र त्याचा संबंध नाही. ती कुलूपबंद दुकाने.

न्यायाधीशांच्या बायकांचे प्रकरण लांबले. स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाच्या (कोर्ट ऑफ सेशन) न्यायाधीशांना ‘लॉर्ड’ म्हणत, पण त्यांच्या पत्नींना ‘लेडी’ हा अधिकृत मान १९०५ च्या राजाज्ञेनेच मिळाला. व्यवहारात लोक आधीही तसे म्हणत : १७३२ मध्ये पळवून नेऊन पुढे सेंट किल्डा बेटावर ठेवलेली रेचल चीझली न्यायाधीश लॉर्ड ग्रेंजची पत्नी, आणि म्हणून ‘लेडी ग्रेंज’.

वंशावळ शोधणाऱ्यांची फसगत ठरलेली असते. मिस्ट्रेस दिसताच ते नवरा शोधू लागतात आणि कधीच नसलेल्या माणसाच्या मागे दिवस घालवतात. उलट, विवाहितेला नवऱ्याच्या आडनावाखाली शोधले तर ती सापडतच नाही. मृत्युपत्रे आणि चर्चच्या नोंदवह्या वाचताना क्रम असा ठेवावा : आधी तिचे जन्माचे आडनाव, मग ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘विधवा’ हे शब्द, आणि शेवटी उपाधी. नवऱ्याच्या नावाआधी ‘अमव्हाइल’ असेल तर तो नोंद होण्यापूर्वीच वारलेला, हे धरून चालावे. ‘लेडी’पुढे गावाचे नाव आले तर उमरावांच्या यादीआधी त्या गावच्या जमिनीचे दस्त काढावेत.