पार्श्वभूमी : अल्पवयीन गर्भवती, पालकाची संमती आणि नावाची गुप्तता

सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय खंडपीठाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिलेला निकाल बहुतेकांच्या लक्षात राहिला, तो अविवाहित स्त्रियांनाही विवाहितांप्रमाणे २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा मिळाली म्हणून. त्या प्रकरणातील अर्जदार २५ वर्षांची होती आणि अल्पवयीन मुलींचा प्रश्न तिच्या अर्जात कुठेही नव्हता. तरीही त्याच निकालपत्रात, काहीसे वाटेत थांबून, न्यायालयाने अठरा वर्षांखालील गर्भवतींविषयी एक विधान केले. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याखाली पोलिसांना द्यायच्या माहितीत मुलीचे नाव व ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही, आणि पुढे खटला उभा राहिला तरी तो तपशील उघड करण्याची सक्ती त्याच्यावर नाही, असे ते विधान आहे. गेली काही वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ, पोलीस ठाणी आणि उच्च न्यायालये यांच्यात चाललेला वाद या एका विधानाभोवती फिरतो. ते करावे का लागले, हे समजण्यासाठी गर्भपाताचा कायदा आणि पॉक्सो या दोन कायद्यांचा माग काढावा लागतो, कारण हे दोन्ही कायदे एकमेकांकडे न पाहता लिहिले गेले.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८६०च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि स्त्रीचा जीव वाचवणे एवढाच अपवाद ठेवला. संमतीवय त्या संहितेत दहा वर्षे होते. १८९१ मध्ये ते बारा झाले, १९२५ मध्ये चौदा आणि १९४९ मध्ये सोळा. १८९१च्या बिलावरून पुण्या-मुंबईत किती रान उठले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. त्या गदारोळात धर्म, घर आणि सरकार यांच्या अधिकारांबद्दल पुष्कळ लिहिले गेले, मात्र मुलीची काही खासगी बाब असू शकते हा विचार कोणत्याच पक्षाच्या लेखणीतून उतरला नाही.

१९६४ मध्ये नेमलेल्या समितीने डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल दिला, त्यावरून १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. कायदा मुख्यतः डॉक्टरला फौजदारी कारवाईपासून संरक्षण देण्यासाठी लिहिलेला होता आणि त्याची भाषाही तशीच आहे. मात्र त्याच्या विनियमांत गुप्ततेची जी व्यवस्था आहे, ती आजच्या अनेक गोपनीयता धोरणांपेक्षा काटेकोर आहे. गर्भपातासाठी दाखल झालेल्या स्त्रीचे नाव फक्त एकाच नोंदवहीत लिहायचे. ती नोंदवही संस्थाप्रमुखाच्या ताब्यात राहते आणि कायद्याचा अधिकार नसलेल्या कोणालाही दाखवता येत नाही. केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, फेरतपासणीचे कार्ड यांपैकी कशावरही नाव येत नाही, फक्त अनुक्रमांक येतो. तो कसा लिहायचा याचे उदाहरणसुद्धा विनियमात दिले आहे : ५/१९७२, ५/१९७३. संमतीपत्र पाकिटात घालून मोहोरबंद करायचे आणि पाकिटावर ‘गुप्त’ असे लिहायचे. नोकरदार स्त्रीला रजेसाठी प्रमाणपत्र देता येते, मात्र मालकाला तिच्याबद्दलची माहिती मागण्याचा हक्क नाही. पन्नास वर्षांपूर्वी कारकुनी कागदाच्या पातळीवर एवढा विचार झाला होता, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

ही सगळी गुप्तता बाहेरच्यांपासून होती, घरच्यांपासून नव्हती. कायद्याच्या कलम ३(४)(अ) प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या पालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. संमतीचा जो ‘नमुना क’ आहे, त्यात सज्ञान स्त्रीसाठी ‘माझ्या गर्भाच्या समापनास मी संमती देते’ अशा अर्थाचा मजकूर आहे. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तो मजकूर बाजूला राहतो आणि खालचा भाग पालकाने भरायचा असतो, ज्यात मुलीचा उल्लेख ‘माझा पाल्य’ असा येतो. तिची स्वतःची सही असलीच पाहिजे, असे तो नमुना म्हणत नाही. १९९०च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे नेमके उलटे प्रकरण आले, ज्यात वडिलांना अल्पवयीन मुलीचा गर्भपात हवा होता आणि मुलीला नको होता. पालकाची संमती आवश्यक असली तरी ती मुलीच्या इच्छेची जागा घेऊ शकत नाही, अशी भूमिका त्या न्यायालयाने घेतली. म्हणजे नको म्हणण्याचा अधिकार मुलीला मिळाला, हवे म्हणण्याचा मात्र एकटीला नाही.

येथे ‘पालक’ या शब्दापाशी थांबणे भाग आहे, कारण प्रत्यक्षातला बराच गोंधळ त्यातून होतो. १९७१च्या कायद्याने केलेली व्याख्या आश्चर्य वाटावे इतकी सैल आहे : अज्ञान व्यक्तीच्या देहाची देखभाल जिच्याकडे आहे, ती व्यक्ती म्हणजे पालक. वडील, नंतर आई, असा नैसर्गिक पालकत्वाचा क्रम त्यात नाही आणि न्यायालयाने नेमलेला पालक असावा अशी अटही नाही. आजोळी राहणाऱ्या मुलीची आजी, शिक्षणासाठी जिच्याकडे ठेवले ती मावशी, लग्न झालेल्या मोठ्या बहिणीचे घर, हे सगळे या व्याख्येत बसू शकते. पण संमतीपत्र घेणारा माणूस हा कायद्याचा भाष्यकार नसतो. उद्या प्रश्न आला तर अडचण नको म्हणून तो आईवडिलांचेच आधारकार्ड मागतो आणि कित्येक ठिकाणी दोघांच्याही सह्या घेतो. कायद्याने उघडे ठेवलेले दार असे रिवाजाने बंद झाले आहे. पालक नसलेल्या किंवा पालकच आरोपी असलेल्या मुलीसाठी बालकल्याण समितीकडे जाण्याचा रस्ता आहे, पण तो रस्ता गोपनीयतेचा नव्हे, शासकीय नोंदीचा आहे. पालकाला वगळून थेट न्यायाधीशाकडून खासगीत परवानगी घेण्याची जी सोय अमेरिकेतील काही राज्यांत आहे, तसे काही आपल्या कायद्यात १९७१ मध्ये घातले गेले नाही आणि नंतरही नाही. २००२च्या दुरुस्तीने कलम ३(४)(अ)मध्ये अल्पवयीनांच्या जोडीने येणारा ‘वेडसर’ या अर्थाचा जुना शब्द काढून ‘मनोरुग्ण व्यक्ती’ असा शब्द घातला. त्या बदलाच्या आधारे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका सज्ञान तरुणीची स्वतःची संमती निर्णायक मानली. पोटकलमाचा दुसरा अर्धा भाग असा हलला आणि अल्पवयीनांचा पहिला अर्धा भाग जागचा हलला नाही.

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि चित्र पुरते पालटले. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ ठरली आणि तिच्या संमतीला कायद्याच्या दृष्टीने अर्थ उरला नाही. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक झाले, आणि कलम २१ने न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. सोळा किंवा सतरा वर्षांच्या मुलीचा गर्भ हा आता आपोआप गुन्ह्याचा पुरावा झाला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा ते अठरा वयाच्या पत्नीशी केलेला शरीरसंबंधही बलात्कार ठरवल्यावर, पहिल्या तपासणीला आलेली सतरा वर्षांची विवाहिता आणि तिच्यासोबत बाकावर बसलेला नवरा हेही त्या कक्षेत आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ६.८ टक्के मुली माता झालेल्या किंवा गर्भवती होत्या आणि महाराष्ट्रात हे प्रमाण ७.६ टक्के होते. त्यांतील अठरा पूर्ण झालेल्या बाजूला काढल्या, तरी उरलेली संख्या पोलीस ठाण्याच्या दप्तरात मावणारी नाही.

एकाच मुलीला वेगवेगळे कागद काय म्हणतात, हेही पाहण्यासारखे आहे. गर्भपात कायद्यात ती ‘अठरा वर्षे पूर्ण न झालेली स्त्री’ आहे, पॉक्सोत ‘बालक’, सज्ञान होण्याच्या वयाच्या जुन्या कायद्याच्या मराठीत ‘अज्ञान’ आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात ‘किशोरवयीन’. शेवटच्या कार्यक्रमात गोपनीय समुपदेशनाचे आश्वासन आहे. आश्वासन देणारा समुपदेशक आणि कलम १९ने बांधलेली व्यक्ती एकच असते, याचा मेळ कोणी घातलेला नाही.

२०२१ची दुरुस्ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. तिच्याखालील नियमांनी अल्पवयीनांना २० ते २४ आठवड्यांच्या विशेष प्रवर्गात घेतले आणि दुरुस्तीने कलम ५अ हे नवे कलम घातले. गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव व तपशील डॉक्टरने उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मात्र त्यातच ‘त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याने अधिकार दिलेली व्यक्ती’ हा अपवाद आहे. पोलीस याच अपवादावर बोट ठेवतात. शिवाय पॉक्सोच्या कलम ४२अ प्रमाणे विसंगती असेल तिथे पॉक्सोच वरचढ ठरतो. अशा रीतीने नाव सांगितले तर एका कायद्याची भीती आणि न सांगितले तर दुसऱ्याची, असा पेच डॉक्टरपुढे उभा राहिला. या पेचातून वाचण्याचा सोपा उपाय म्हणजे मुलीला दाराशीच ‘दुसरीकडे जा’ म्हणणे. मुलगी आणि तिचे पालक त्यामुळे अपात्र माणसाकडे वळतील, ही भीती २०२२च्या निकालात स्पष्ट शब्दांत आली आहे.

तेव्हा न्यायालयाने दोन कायद्यांचा सुसंवादी, म्हणजे दोन्ही एकत्र नांदतील असा, अर्थ लावला. त्याला आधारही आहे, कारण कलम १९ माहिती द्यायला सांगते, पण त्या माहितीत बालकाचे नाव असलेच पाहिजे असे त्याचे शब्द नाहीत. पण हा तोडगा जितका वाखाणला गेला, तितका तपासला गेला नाही, असे मला वाटते. पहिली गोष्ट, पोलिसांना कळवण्याचे बंधन कायम आहे, वगळले गेले ते फक्त नाव. लहान गावात डॉक्टरचे नाव, तारीख, मुलीचे वय आणि गर्भाचे आठवडे एवढे कळले, तर नाव शोधायला पोलीस लागत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विनंती करायची आहे ती मुलीने ‘आणि’ पालकाने. दोघांपैकी पालकालाच गुप्तता नको असेल, किंवा मुलीला जे लपवायचे आहे ते पालकापासूनच लपवायचे असेल, तर हा निकाल तिला काही देत नाही. गंमत अशी की पॉक्सो कायद्यालाच ही अडचण ठाऊक होती. त्याचे कलम २६ जबाबाच्या वेळी आणि कलम २७ वैद्यकीय तपासणीच्या वेळी आईवडील ‘किंवा बालकाचा जिच्यावर विश्वास आहे अशी अन्य कोणतीही व्यक्ती’ हजर असावी असे म्हणते. पुरावा गोळा करताना कायद्याला विश्वासाची व्यक्ती चालते, उपचारासाठी मात्र पालकच लागतो. सुसंवादी अर्थच लावायचा होता, तर तो येथेही लावता आला असता.

पोलिसांच्या बाजूनेही एक अडचण आहे आणि ती नुसती हटवादीपणा म्हणून झटकता येत नाही. गर्भपातानंतरच्या ऊतींचे नमुने डीएनए चाचणीसाठी जपावे लागतात आणि नाव नसलेल्या तक्रारीतला नमुना पुढे कोणत्या गुन्ह्याशी जोडायचा, हा तपासी अंमलदाराचा खरा प्रश्न आहे. संबंध बळजबरीचा असेल, किंवा आरोपी घरातलाच असेल आणि विनंती करणारा पालक त्याला वाचवत असेल, तर नावाची गुप्तता मुलीला सोडून भलत्यालाच उपयोगी पडते. ५/१९७२च्या धर्तीवर अनुक्रमांकानेच नमुना पाठवावा आणि नाव मोहोरबंद ठेवावे, ही वाट विनियमांत आधीपासून तयार आहे, पण ती पोलिसांच्या प्रक्रियेला जोडली गेलेली नाही.

२०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, अल्पवयीन मुलीचे नाव कळवण्याचा आग्रह धरू नये असे बजावले. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २८३व्या अहवालात संमतीवय अठरावरून खाली आणू नये, मात्र सोळा ते अठरा वयोगटातील परस्परसंमतीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत मार्गदर्शित विवेकाधिकार द्यावा, असे सुचवले. गोपनीयतेने सुरू झालेला प्रश्न असा शिक्षेकडे वळला. किशोरवयीनांच्या ‘खासगीपणाचा हक्क’ असे नाव दिलेल्या, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलेल्या पश्चिम बंगालमधील प्रकरणातही मे २०२५ मध्ये शेवटी निर्णय झाला तो आरोपीला शिक्षा भोगायला लावायची की नाही यावर. मुलीला मूळ घटनेपेक्षा नंतरच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांचा त्रास अधिक झाला, हे न्यायालयाने नोंदवले. प्रकरणाच्या नावातला खासगीपणा मात्र निकालात फारसा हाती लागत नाही.

२०२५ मध्येच मुंबईतील एका स्त्रीरोगतज्ज्ञाला गर्भपातापूर्वी अल्पवयीन मुलीचे नाव मागणाऱ्या पोलिसांविरुद्ध उच्च न्यायालयात जावे लागले. २०२२चा निकाल स्पष्ट असताना असा आग्रह धरणे म्हणजे डॉक्टरांचा छळ आहे, असे म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने नाव न सांगता गर्भपात करण्यास परवानगी दिली. त्या प्रकरणात मुलीचे पालक तिच्या बाजूने उभे होते, म्हणून विनंती दोघांची होती आणि ‘आणि’ या शब्दाचा अर्थ लावण्याची वेळ न्यायालयावर आली नाही.