अर्बुदात थेट रसायनोपचार (पशुवैद्यक)

कर्करोगाचे औषध शिरेवाटे सर्व शरीरात न पाठवता सुईने थेट अर्बुदात म्हणजे गाठीत टोचण्याच्या पद्धतीला हे नाव आहे. गाठीत औषधाची तीव्रता जास्त राहावी आणि अस्थिमज्जा, आतडी व मूत्रपिंडे यांना त्याची झळ कमी लागावी, हा तिचा हेतू असतो.

ही पद्धत दिसते तितकी सोपी नाही. गाठीतील द्रवाचा दाब भोवतालच्या निरोगी ऊतकापेक्षा जास्त असल्यामुळे टोचलेले औषध सुईच्या वाटेने बाहेर झिरपते, नाहीतर एका कोपऱ्यात साचून उरलेल्या पेशींपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून घोड्यांच्या सारकॉइड या त्वचेच्या गाठीवर सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध तिळाच्या तेलात घोटून, दर घन सेंटिमीटर ऊतकाला सुमारे 1 मिलिग्रॅम या मात्रेने, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने चार वेळा टोचण्याची रीत रूढ झाली. तेलामुळे औषध गाठीत अधिक काळ टिकते. ब्लिओमायसिन या दुसऱ्या औषधाची अडचण निराळी आहे. ते पेशीपटलातून सहजी आत शिरत नाही, म्हणून औषध दिल्यावर, ते पटल काही काळ सच्छिद्र व्हावे यासाठी, गाठीला विजेचे अतिशय अल्प झटके देतात. याला विद्युत्-रसायनोपचार म्हणतात आणि त्याचा पाया 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये घातला गेला. कुत्र्यांच्या मास्ट पेशींच्या (प्रतिकारशक्तीतील एका प्रकारच्या पेशींच्या) अर्बुदात टोचावयाच्या टिगिलॅनॉल टिग्लेट या औषधाला 2020 मध्ये युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली. ते ऑस्ट्रेलियातील एका वर्षावनी झाडाच्या बियांपासून मिळते. उंदराच्या कातडीखाली वाढवलेली काही मिलिमीटरची मऊ गाठ हा प्रयोगशाळेतील नेहमीचा नमुना असला, तरी तिच्यावरील यश मोठ्या जनावरात तसेच उतरेल असे धरून चालणे धाडसाचे होय.

ही पद्धत प्रत्येक गाठीला लागू पडत नाही. भारतीय बैलांत आढळणारा शिंगाचा कर्करोग शिंगाच्या पोकळीतील अस्तरात सुरू होतो. बैल डोके झटकतो, शिंग कलते, नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. तोवर गाठ हाडाआड पसरलेली असते. तेथे सुईला वाव थोडा, म्हणून शिंग मुळापासून काढण्याची शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय राहतो. कुत्र्यांतील संसर्गजन्य लैंगिक अर्बुदही बहुधा शिरेतून दर आठवड्याला दिलेल्या व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगाच्या औषधाने बरे होते. हेच औषध शिरेबाहेर सांडले तर ऊतक जाळते, त्यामुळे ते गाठीत टोचण्याचा मोह टाळलेलाच बरा. थेट टोचणीचा खरा उपयोग त्वचेवरील, हाताला लागणाऱ्या आणि डोळ्याच्या कडेसारख्या कापण्यास अवघड जागी असलेल्या गाठींना होतो. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेला घोडे येतात. अशा घोड्यांच्या सारकॉइडसाठी ही पद्धत विचारात घेण्याजोगी आहे.

प्राण्यांवरील अशा प्रयोगांचे नियमन 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली होते. टोचताना हातमोजे व डोळ्यांचे संरक्षण आवश्यक असते, कारण दाबामुळे औषध उलट उसळून टोचणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते.