दात्याच्या पोटात उरणारे ३५ टक्के

"यकृत परत वाढतेच, मग काळजी कसली?" असे, घरातल्या कुणी रुग्णाला आपल्या यकृताचा भाग द्यायचे ठरल्यावर, नातेवाईक एकमेकांना समजावतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. निरोगी माणसाच्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढला, तरी उरलेल्या भागातील पेशी काही तासांतच विभाजनाच्या तयारीला लागतात आणि साधारण तीन महिन्यांत यकृत मूळ आकारमानाच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचते. मात्र पालीला नवी शेपटी यावी तसा कापलेला भाग नव्याने उगवत नाही. मागे राहिलेला भागच फुगून मोठा होतो, आणि म्हणूनच एकदा यकृताचा भाग दिलेल्या व्यक्तीकडून तो पुन्हा घेतला जात नाही. शिवाय तीन महिन्यांनी तयार होणारे यकृत शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी कामाला येत नाही. रक्त गोठवणारी प्रथिने बनवण्यापासून बिलिरुबिन हे पिवळे टाकाऊ द्रव्य बाहेर टाकण्यापर्यंतची सगळी कामे त्या दिवशी उरलेल्या तुकड्यालाच ओढावी लागतात.

हा तुकडा केवढा असावा, याचे गणित सीटी स्कॅनवर मांडले जाते. रुग्णाला त्याच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के यकृत मिळावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे ७० किलोच्या रुग्णाला ५६० ग्रॅम. दात्याचे यकृत १,२०० ग्रॅमचे असेल आणि त्याचा उजवा भाग ६५ टक्के भरत असेल, तर डाव्या भागाचे ४२० ग्रॅम रुग्णाला अपुरे पडतात आणि उजवाच घ्यावा लागतो. मग ते ४२० ग्रॅम, म्हणजे ३५ टक्के, दात्याकडे उरतात. ही शिल्लक ३० टक्क्यांखाली जाऊ नये, असे मानतात. रुग्ण लहान मूल असेल, तर डाव्या बाजूचा छोटा भाग पुरतो आणि दात्याचा धोकाही पुष्कळ कमी होतो. भारतात १९९८ साली दिल्लीत लहान मुलावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले, ते पित्याने दिलेल्या अशाच भागामुळे.

वजनकाट्यावरचे ३५ टक्के आणि काम करणारे ३५ टक्के यांतही फरक असतो, कारण यकृतात चरबी साठलेली असेल, तर तेवढा भाग हिशेबातून वजाच करावा लागतो. आपल्याकडे इच्छुक दाते नाकारले जाण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि कधी दारूला न शिवलेल्या माणसाला आपल्याला 'फॅटी लिव्हर' असल्याचे या तपासणीतच प्रथम कळते. सुदैवाने ही चरबी आहार आणि व्यायामाने काही आठवड्यांत उतरू शकते. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली ज्या १७ वर्षांच्या मुलीला वडिलांसाठी यकृतदानाची अपवादात्मक परवानगी दिली, तिनेही आहार बदलून आणि व्यायामशाळेत जाऊन शरीराची तयारी केली होती.

आता धोका. उजवा भाग देणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे २०० ते ५०० दात्यांमागे एक, तर डावा भाग देणाऱ्यांत सुमारे १,००० मागे एक असे सांगितले जाते. मूत्रपिंडदात्यांत ते १०,००० मागे सुमारे तीन किंवा त्याहूनही कमी आहे. आकडे लहान असले, तरी या माणसाला स्वतःला कोणताही आजार नसतो, हे ते वाचताना विसरू नये. पुण्यात २०२५ साली पतीला यकृताचा भाग देणाऱ्या पत्नीचाही मृत्यू झाला, तेव्हा ही बाब अनेकांना प्रथमच जाणवली. मृत्यूपेक्षा कितीतरी अधिक वेळा आढळणारी गुंतागुंत म्हणजे पित्तगळती. कापलेल्या पृष्ठभागावरील एखाद्या बारीक नलिकेतून पित्त पोटात झिरपते, ड्रेनच्या, म्हणजे पोटातील द्रव बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीतील द्रव हिरवट-पिवळा दिसू लागतो आणि घरी जाण्याचा दिवस लांबतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायातील गुठळी सुटून फुप्फुसात जाणे, पुढे टाक्याच्या जागी हर्निया होणे, हेही संभवते. गुंतागुंत झाली नाही, तर दाता आठवडाभरात घरी जातो आणि त्याला जन्मभराची औषधे लागत नाहीत. जड वजन उचलणे मात्र सुमारे तीन महिने वर्ज्य असते.

हे तीन महिने कुणाच्या जिवावर काढायचे, हा प्रश्न तपासण्यांच्या यादीत नसतो. एकाच दिवशी घरातली दोन माणसे शस्त्रक्रियेला जातात, आणि पुष्कळदा त्यांतले एक कमावते तर दुसरे घर चालवणारे असते. रुग्णाच्या विमा पॉलिसीत दात्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च धरला असला, तरी नंतरच्या गुंतागुंतीचा खर्च अनेक पॉलिसी देत नाहीत. ते कलम सही करण्याआधीच वाचलेले बरे.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने पती-पत्नी, आई-वडील, मुले आणि भावंडे यांना जवळचे नातेवाईक मानले. २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडांची भर पडली. इतर कुणाला द्यायचे असल्यास प्राधिकार समितीची मंजुरी लागते. कायद्याला पैशांच्या व्यवहाराची भीती वाटते आणि ती रास्तच आहे. पण सासरच्या बैठकीत सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळतात, तेव्हा पैसा कुठेच नसतो आणि दडपण पुरेपूर असते. म्हणून जाणकार डॉक्टर दात्याला एकदा तरी एकटे बोलावून विचारतात. दात्याने माघार घेतली, तर खरे कारण त्या खोलीबाहेर जात नाही. घरच्यांना एवढेच सांगितले जाते, की वैद्यकीयदृष्ट्या हे दाते चालणार नाहीत. तपासणीत बाद होणारे इतके असतात, की त्यावर सहसा कुणी शंकाही घेत नाही.