बाळ बारीक, पण चरबी आहेच: पुण्याजवळच्या 6 गावांतून काय कळलं

बाळ जन्मतःच बारीक असलं की आपल्याकडे म्हणतात, जाऊ दे, खाऊन पिऊन होईल गुटगुटीत. पण बारीक म्हणजे अंगात चरबी नाही असं नसतं, आणि हे पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायाबाळांमुळे कळलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

सुरुवात तशी इंग्लंडमधली. डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधल्या जन्माच्या जुन्या नोंदवह्या शोधल्या आणि 1989 मधे दाखवलं की कमी वजनाची बाळं मोठेपणी हार्टच्या आजाराने जास्त जातात. 1992 मधे त्यांनी आणि हेल्स या दुसऱ्या संशोधकाने डायबेटिसबद्दल मांडलं की पोटात असताना कमी पडलं तर शरीर काटकसरीला लागतं, पुढे खाणं वाढलं की तीच काटकसर नडते.

इकडे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने 1993 पासून 6 गावांतल्या बायकांना दिवस जायच्या आधीपासूनच अभ्यासात घेतलं, सुमारे 800 गरोदरपणं झाली, या बायकांचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास, खाणं दिवसाला साधारण 1800 कॅलरी आणि त्यावर शेतातली कामं नि पाणी भरणं. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5. मग बाळाच्या पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमट्यात धरून जाडी मोजली, तर दंड नि पोट बरंच लहान, पण पाठीवरची चरबी मात्र जवळपास टिकून होती! म्हणजे कमी पडलं ते स्नायूंना.

आणि नुसत्या कॅलरीचा प्रश्न नव्हता. ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खायच्या त्यांची बाळं मोठी होती, आणि जास्त राबणाऱ्यांची लहान. बी 12 हे जीवनसत्त्व तर निम्म्याहून जास्त जणींना कमी होतं, हे दूध, अंडी, मटण-मासे यातूनच मिळतं आणि ताटात तेच कमी. ज्यांचं बी 12 कमी पण फोलेट (हेही बी गटातलंच जीवनसत्त्व) जास्त, त्यांच्या मुलांमधे 6 व्या वर्षी रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन नीट काम करत नव्हतं, हे 2008 मधे छापून आलं. सुनेने खाल्लं नाही म्हणून दोष देणाऱ्यांनी आधी तिच्या ताटात शेवटी काय उरतं ते बघावं, असं मला मनापासून वाटतं.

बापाचंही आहे बरं का. 2010 मधे ऑस्ट्रेलियात नर उंदरांना तुपकट खाणं देऊन जाड केलं तर त्यांच्या मुलींमधे इन्सुलिन बिघडलं, आयांचं खाणं साधंच होतं. आणि 2015 मधे याज्ञिकही सहभागी असलेल्या एका अभ्यासात 50 पिढ्या कमी खाऊ घातलेल्या उंदरांना पुढे 2 पिढ्या पोटभर दिलं तरी बिघाड गेला नाही.

म्हणूनच 2012 पासून त्याच 6 गावांत, 1993 नंतर जन्मलेल्या मुलामुलींना, हो मुलग्यांनाही, आईबाप होण्याच्या आधीच रोज 2 मायक्रोग्रॅम बी 12 द्यायला सुरुवात केली.