गावाचे नळपाणी : गुणवत्ता व सुरक्षितता

नळाला आलेले पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे तपासणे आणि ते तसे राहील अशी व्यवस्था ठेवणे, या दोन्ही कामांना ग्रामीण महाराष्ट्रात सरकारी भाषेत ‘पाणी गुणवत्ता’ म्हणतात. गावात हा शब्द सापडलाच तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात. पारावर विचारणा होते ती ‘टीसीएल (पाण्यातली जंतुनाशक पावडर) टाकली का?’ एवढीच, आणि तीही बहुधा दोन-चार घरांत जुलाब सुरू झाल्यावर. शहराच्या पाण्यामागे जलशुद्धीकरण केंद्र, रसायनतज्ज्ञ आणि पाळीवर काम करणारी माणसे असतात. हजार-दोन हजार वस्तीच्या गावात हे सगळे एकाच माणसाच्या अंगावर असते, आणि घरपट्टीच्या नोटिसाही बऱ्याचदा तोच वाटतो.

योजनेची मांडणी बहुतेक गावांत सारखीच. नदीकाठची किंवा ओढ्याकाठची उद्भव विहीर, तिच्यावरची मोटार, तिथून गावाकडे चढणारी ऊर्ध्ववाहिनी, उंचावरची टाकी आणि टाकीतून गल्लोगल्ली उतरणाऱ्या वितरणवाहिन्या. लहान योजनेत गाळणीची यंत्रणा सहसा नसते. काठच्या वाळूमातीतून झिरपत विहिरीत येणारे पाणी मुळातच बरेच गाळलेले असते, त्यामुळे नुसत्या क्लोरीनवर भागते. हा हिशेब पावसाळ्यापर्यंत जमतो. पहिल्या पुराचे पाणी विहिरीत शिरले की मातीचे कण क्लोरीन खातात आणि जंतूंना आडोसाही देतात. म्हणून भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 10500 या मानकात गढूळपणाची इष्ट मर्यादा 1 एकक ठेवली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत सूट आहे. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने घरटी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवताना गुणवत्तेसाठी हेच मानक धरले.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन उपलब्ध असतो. ओल, ऊन आणि हवा लागली की तो उडत जातो, आणि 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये असा दंडक आहे. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडे राहिलेली, खाली ढेकळे झालेली गोणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. हजार लिटरला 5 ग्रॅम हे गावाकडचे प्रचलित प्रमाण. म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. ही पूड टाकीत तशीच भिरकवायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करायची, मग बादली भरून लाकडी काठीने ढवळायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडायचे नाही, कारण जंतू मारायला क्लोरीनला तेवढा वेळ लागतो. प्रत्यक्षात टाकीच्या गंजक्या शिडीवर रोज बादली घेऊन चढण्याची हौस कोणाला नसते. मग फडक्यात बांधलेली पुरचुंडी विहिरीत सोडली जाते, किंवा तीन दिवसांचे टीसीएल एकाच दिवशी पडते. त्या दिवशी गावभर ‘पाण्याला औषधाचा वास येतोय’ अशी ओरड होते, आणि पुढचे दोन दिवस पाणी गोड लागते. लोकांना आवडते ते हेच गोड पाणी. क्लोरीनचा मंद वास सुरक्षिततेची खूण आहे, हे पटवून देणे गावच्या पाणीव्यवस्थेतले सर्वांत अवघड काम म्हणावे लागेल.

हे काम करणाऱ्या माणसाला ‘जलसुरक्षक’ असे नाव आहे. त्याच्या हातातली मुख्य तपासणी म्हणजे ओटी, अर्थात ऑर्थोटोलिडिन चाचणी. काचेच्या छोट्या नळीत खुणेपर्यंत नळाचे पाणी घ्यायचे, द्रावणाचे काही थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळसर छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे. पाणी होते तसेच राहिले तर नाही. शेजारच्या रंगपट्टीशी छटा जुळवून आकडा वहीत लिहायचा. मोकळा क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा. ओटीचे रसायन अपायकारक असल्याने आता प्रयोगशाळांत आणि नव्या तपासणी संचांत गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी वापरतात, पण गावच्या तोंडी ‘ओटी’च आहे.

ही नळी कोणत्या तोटीखाली धरली, यावर सगळे अवलंबून असते. टाकीजवळच्या घरी पाणी हमखास पिवळे होते. खरी परीक्षा वितरणवाहिनीच्या टोकाला, गावाबाहेरच्या वस्तीत, जिथे पाणी सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी दाबाने पोचते तिथे. नियमही टोकाच्या घरी तपासण्याचाच आहे. तिथे 0.2 मिळाला तर वाटेत काही बिघडले नाही असे धरता येते, कारण वाटेत घाण मिसळली असती तर तिने क्लोरीन खाऊन टाकला असता. शिल्लक क्लोरीन जंतू तर मारतोच, शिवाय वाहिनी फुटल्याची वर्दीही देतो. नळी टाकीजवळच धरली तर ही वर्दी मिळतच नाही.

वाहिनी बिघडण्याचे मूळ कारण दिवसाआड, किंवा उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी, सुटणारे पाणी. वाहिनी सतत भरलेली असेल तर गळतीतून पाणी बाहेर पडते, बाहेरचे आत येत नाही. पाणी बंद झाले की वाहिनीत पोकळी होते आणि तीच गळती उलट्या दिशेने चालते. गावात वाहिनी आणि गटार यांचा मार्ग बहुधा एकच, रस्त्याची कड. घरोघरची जोडणी तर गटार ओलांडूनच आत जाते, आणि त्या जोडणीचा सांधा नेमका सांडपाण्यात बुडालेला असतो. व्हॉल्व्हचा खड्डा हा दुसरा धोका : झाकण गेलेले, आत पावसाचे पाणी आणि प्लॅस्टिक साचलेले. तिसरा धोका माणसाने आणलेला. पाणी बारीक येते म्हणून एकाने नळाला मोटार लावली की शेजारीही लावतो, आणि या मोटारी पाण्याबरोबर सांध्याभोवतीचे जे असेल तेही ओढतात. ग्रामपंचायती मोटारी जप्त करतात आणि त्या पुन्हा लागतात. टोकाच्या घराला पाणीच मिळत नसताना निव्वळ दंडाने हे थांबत नाही. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे ते सडा-सांडपाण्याला वापरण्याची बायकांची जुनी सवय या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध आहे.

टीसीएल टाकली की सगळे संपले, असेही नाही. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतल्या पाणी उपशाच्या ठिकाणी शिरले. पाण्यात क्लोरीन घातला जात होता, विषमज्वराची साथ आली नाही, पण तीस हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, विषाणू निभावून गेला. हा विषाणू हेपेटायटिस ईचा होता हे साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कित्येक वर्षांनी कळले. गरोदर बाईच्या जिवावर बेतणारी हीच कावीळ 2012 मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत पसरली. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी या महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत गियाँ-बारे सिंड्रोम या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकवटले, तेव्हाही संशय पाण्यावरच गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. महापालिकेची हद्द आली, तरी तिथले पाणी पूर्ण शुद्धीकरण न होता, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकूनच पुढे जात होते.

जिवाणूंची रीतसर तपासणी प्रयोगशाळेत होते. कसोटी सोपी आणि कडक : 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू एकही नको. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यायचा, बर्फात ठेवायचा आणि 24 तासांच्या आत पोचवायचा. जल जीवन मिशनमध्ये जैविक तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, आणि रासायनिक एकदा असे वेळापत्रक आहे; गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायचे प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. वीज, सूक्ष्मदर्शक काहीच नसेल तिथे हायड्रोजन सल्फाइडची बाटली उपयोगी पडते. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांची. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेचा अंश असण्याची दाट शक्यता. आकड्यांच्या अहवालापेक्षा ही काळी बाटली ग्रामसभेत फिरवली की पाणीपट्टीची चर्चा लवकर मार्गी लागते, असे म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात या सगळ्याचा गोषवारा रंगीत कार्डात होतो. वर्षातून दोनदा स्रोताची, टाकीची, वाहिन्यांची आणि टीसीएलच्या साठ्याची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते : तीव्र, मध्यम आणि कमी जोखीम. सलग पाच वर्षे हिरवे आणि साथ नाही, तर चंदेरी कार्ड. लाल कार्डाची लाज गावाला वाटते हे खरे. मात्र तपासणीच्या सकाळी टाकीत मूठभर जास्त पावडर पडते, हेही सर्वांना ठाऊक असते.

रासायनिक दोषांपुढे टीसीएल निरुपयोगी आणि उकळणे तर उलटे पडते, कारण पाणी आटते आणि दोष तेवढाच राहतो. फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, सवलतीची 1.5, त्यापुढे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे ताठरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या बोअरच्या पाण्यात हा दोष आढळतो. चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढणारी ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. ती स्वस्त आहे, पण रोज हात लावावा लागतो, आणि गावच्या योजना नेमक्या तिथेच ढेपाळतात. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम. ते खतांतून, गोठ्याच्या उकिरड्यातून आणि विहिरीला खेटून खणलेल्या शोषखड्ड्यातून येते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा हे तिसरे प्रकरण. विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा 500 आणि नाइलाजाची 2000 मिलिग्रॅम असताना इथल्या कितीतरी विहिरी त्याच्याही पुढे जातात. अशा गावांना दुरून, धरणातून पाणी आणणाऱ्या प्रादेशिक योजनेवाचून गत्यंतर नसते.

क्षारांच्या भीतीने गावोगाव आरओची यंत्रे आली आणि वीस लिटरचा थंड जार लग्नापासून दहाव्यापर्यंत सगळीकडे पोचला. आरओ क्षार आणि फ्लोराइड कमी करतो, हे खरे. त्याचबरोबर क्लोरीनही जातो, त्यामुळे जार धुतला नसेल किंवा तोटीला हात लागला तर त्या पाण्याला स्वतःचे संरक्षण उरत नाही. ज्या गावच्या नळपाण्यात क्षार मर्यादेतच आहेत, तिथे आरओने मिळते ती मुख्यतः चव. घरातल्या माठाचेही तसेच. टोकाच्या तोटीला 0.2 क्लोरीन असलेले पाणी माठात रात्रभर राहिले की तो उडून जातो, आणि सकाळी त्यात बुडतो तो पेला आणि त्याबरोबर बोटे. दांड्याचे ओगराळे, माठाला तोटी आणि वर झाकण हा आरोग्यसेविकांचा जुना आग्रह त्यासाठीच. साथीच्या दिवसांत त्या घरोघर क्लोरीनच्या गोळ्या वाटतात. अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटरला, म्हणजे मोठ्या हंड्याला, पुरते.